पुलावर आडवी म्हातारी

मी अजून भानावर आलेले नाही. त्या रविवारी दुपारी ताईंच्या बाहेरच्या खोलीत जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. तरी कुणाला सांगायला गेले की जीभ अडखळते. म्हणून लिहून काढते आहे.

ताई लिफ्ट दुरुस्त करतात. आमची ओळखही लिफ्टमध्येच झाली. आमच्या ऑफिसची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत मी होते. बऱ्याच वेळाने वरून एका बाईचा आवाज आला.

"आत कोण?"

"मी!"

"मी म्हणजे किती जणं?"

"एकटीच आहे."

"मग जागा भरपूर आहे. बसून घ्या. आलेच."

बाहेर काढल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या खाली वाकून लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांच्यात अंगठ्याने चाचपत होत्या. "केसभर वर राहतेय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "लिफ्ट वर न्यायला काय, कुणीही नेईल. बरोबर थांबवायची कशी, त्यात सगळं आलं. तुम्ही काय करता?"

मी साहित्यात पदवी घेतली आहे असं सांगितलं.

"आमच्यात साहित्य म्हणजे पाना, ग्रीस आणि चिंध्या," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी साहित्य. त्यांच्या घरीही सगळे मला त्याच नावाने हाक मारतात. सगळे म्हणजे ताई आणि भावोजी. भावोजी शहराची बस चालवतात.

मध्यंतरी ताई शिडीवरून पडल्या. पाय मोडला. महिनेच्या महिने प्लॅस्टर. दिवसभर जिने चढणारी बाई पलंगावर पडून छताकडे बघायला लागली, तेव्हा भावोजींनी डेपोतल्या कुणाकडून तरी जुनं गेम खेळायचं यंत्र आणलं आणि टीव्हीला जोडून दिलं. "मीच हौसेनं घरात सवत आणली," ते अजून म्हणतात.

गेम गाड्यांचा. डोंगरातला वळणावळणांचा रस्ता, आणि वरून खाली सुटायचं. सुरुवातीला प्रत्येकाला फुकटात एक खटारा व्हॅन मिळायची. लोक ती आठवड्यात टाकून द्यायचे. ताईंनी टाकली नाही. चालू होताना ती खोकायची, म्हणून तिचं नाव म्हातारी. स्वतःचं नाव त्यांनी घेतलं जिना. लिफ्टवाल्या बाईला दुसरं कुठलं नाव सुचणार?

तेव्हा त्या गेममध्ये काहीच विकत मिळत नव्हतं. शर्यत जिंकली की गाडीचा एखादा भाग मिळायचा. सगळे इंजिन घ्यायचे. ताई ब्रेक घ्यायच्या. पुन्हा जिंकल्या, पुन्हा ब्रेक. पाय बरा झाला, त्या कामावर जायला लागल्या, तरी संध्याकाळी थोडा वेळ म्हातारीला फिरवून आणायच्या. लोक हसायचे. सरळ रस्त्यावर ती शेवटून पहिली. पण उताराच्या वळणावर बाकीचे आधीपासून भिऊन वेग कमी करायचे, आणि ताई अगदी वळणाच्या तोंडाशी जाऊन, खच्‌ करून ब्रेक मारून, आतल्या बाजूने निघून जायच्या. ते बघताना भावोजींचा उजवा पाय चटईवर आपोआप दाबला जायचा.

"अगं ब्रेक! ब्रेक मार!"

"मारलाय हो. पाय उचला, चटई फाटेल."

मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण त्या व्हॅनमध्ये मोडक्या पायाची एक बाई डोंगर उतरायला शिकली होती, एवढं कळत होतं.

मग गेम बनवणारी छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली.

आधी रंग विकायला आले. ठीक आहे, म्हटलं, हौसेला मोल नाही. मग हॉर्न. मग आतापर्यंत फुकट असलेला मागचं दिसणारा आरसा महिन्याच्या भाड्यावर गेला. "उद्या श्वासाचं तिकीट काढतील," ताई म्हणाल्या. मग पेट्या आल्या. बंद पेटी विकत घ्यायची, आत काय निघेल ते तुमचं नशीब. त्या दिवशी ताईंचा चहा निवून गेला.

"साहित्य, समज माझ्या लिफ्टमध्ये तू चौथ्याचं बटण दाबलंस आणि कुठला मजला येईल ते तुझं नशीब, असं मी केलं. लोक मला काय करतील?"

"बडवतील."

"मग यांना का नाही बडवत?"

बडवायला लोक तयारच होते, पण ओरडण्यापलीकडे कुणाला काही सुचत नव्हतं. खेळणाऱ्यांचा एक गट होता, त्यात रोज शिव्यांचा पाऊस पडायचा आणि रोज त्यातलेच निम्मे जाऊन पेटी घेऊन यायचे. सगळ्यात जास्त पेट्या घेणारा एकजण होता. त्याची गाडी सोन्याची. त्याला सगळे सोनेरी म्हणायचे. खेळताना टीव्हीतून सगळ्यांचे आवाज यायचे, त्याचा नाकातला.

"काय जिनाबाई, म्हातारी अजून आहे का?"

"आहे रे. तुझ्या गाडीच्या तेराव्याला जेवून जाईल."

मग ती सूचना आली. हंगाम संपला की सगळ्या जुन्या गाड्या संग्रहालयात जमा होणार. आपलीच गाडी बाहेर काढायची तर 'वारसा पास' घ्यायचा, दर महिन्याला. आणि हंगामाच्या अंतिम शर्यतीत जो पहिला येईल, त्याची गाडी मात्र कायमची त्याची.

ताईंना पास परवडला नसता असं नाही. भावोजीसुद्धा म्हणाले, "घेऊन टाक ना, एवढा जीव आहे तर."

ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून पाणी प्यायला गेले.

"माझीच गाडी, मीच बांधलेली, आणि भाडं भरू? उद्या माझ्या पायाचं मागतील."

त्याच आठवड्यात गटातल्या एका बाईंनी डोकं चालवलं. त्या दातांच्या डॉक्टर. बोलणं नेमकं, कामापुरतं. त्या म्हणाल्या, अंतिम शर्यतीत उतरणारे सगळे आपल्याच गटातले, आणि कंपनी ती जगभर थेट दाखवणार आहे. समालोचक, जाहिराती, सगळा थाट. आपण खेळू, जीव तोडून खेळू. पण शेवटची रेषा कुणी ओलांडायची नाही. सगळ्यांनी अलीकडे थांबायचं. दाखवू देत त्यांना काय दाखवायचं ते.

गट पेटला. भराभर सगळ्यांनी शब्द दिला. एकटा सोनेरी म्हणाला, "मी पैसे मोजलेत, मी ओलांडणार."

रंगीत तालीम ठरली. मी ताईंच्या शेजारी बसून पाहत होते. डॉक्टरीणबाईंनी इशारा केला, सगळ्या गाड्या उतारावरून सुटल्या, रेषा दिसू लागली, आणि काय सांगू!

एकही गाडी थांबेना.

"सॉरी सॉरी!" करत एक गेली. "अरे धर, धर मला!" करत दुसरी. स्वतः डॉक्टरीणबाई "अगं बाई" म्हणत आडव्या घसरत रेषेच्या पलीकडे जाऊन एका झाडाला टेकल्या. इतक्या वर्षांत रेषेपाशी थांबायची वेळ कुणावर आलीच नव्हती. सगळ्यांनी वेगच जमवला होता. काहींनी तर इंजिनासाठी ब्रेक मोडीत काढले होते. मी पोट धरून हसत होते. भावोजी डोळे पुसत म्हणाले, "हे आमच्या डेपोत असते तर एका दिवसात सगळे घरी."

रेषेच्या अलीकडे एकच गाडी उभी होती. म्हातारी.

हसू ओसरलं. मग डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, "जिना, थांबता फक्त तुम्हालाच येतं. शेवटी पूल आहे, एका ट्रकच्या रुंदीचा. तुम्ही त्यावर आडव्या उभ्या राहिलात तर आम्ही येऊन तुमच्यावर आदळू. पण थांबू."

"चालेल."

"पण त्यासाठी पुलावर तुम्ही सगळ्यांच्या आधी यायला हवं."

 मलासुद्धा कळलं. पुलावर जो सगळ्यांच्या आधी येईल, त्याच्या पुढ्यात फक्त रेषा असेल. ती ओलांडली की म्हातारी कायमची त्यांची. थांबलं की संग्रहालयात.

"बघू," म्हणून ताईंनी टीव्ही बंद केला.

"बघू म्हणजे काय?" भावोजी.

"बघू म्हणजे बघू."

शनिवारी मी त्यांना भेटायला एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेले. त्या लिफ्टच्या ब्रेकचे झिजलेले पट्टे बदलत होत्या. हात कोपरापर्यंत काळे. मी न राहवून शेवटी विचारलंच.

"ताई, थांबणार का तुम्ही?"

"तुझ्या पुस्तकांत अशा वेळी लोक काय करतात?"

मी विचार केला. "बहुतेक वेळा मरतात."

"मग पुस्तक राहू दे. तो पाना दे."

रविवार उजाडला. दुपारी खोलीत आम्ही तिघं. भावोजींनी सुट्टी घेतली होती आणि चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. ताईंनी हात स्वच्छ धुतले, कंट्रोलर घेतला. म्हातारी खोकली. खोकून चालू झाली.

समालोचक किंचाळला आणि गाड्या सुटल्या.

सरळ रस्त्यावर सगळे आमच्या अंगावरून गेले. सोनेरी तर दिसेनासाच झाला. खोलीत फक्त ताईंच्या बोटांची टकटक ऐकू येत होती. मग रस्ता खाली वळला.

पहिलं वळण. खच्‌! दोन गाड्या मागे. दुसरं वळण. खच्‌! आता चार. गटातले लोक बाजू देत होते, पण नाटक वाटू नये म्हणून झगडतही होते. "या जिनाबाई, या!" "अहो डावीकडून!" सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. मी केव्हा उभी राहिले मला माहीत नाही. भावोजी उघड्या फरशीवर दोन्ही पायांनी ब्रेक मारत होते.

"अगं, मागे नको बघू!"

"आरसा कुठाय बघायला? भाड्याने गेलाय!"

समालोचकाला आता म्हातारी दिसली. "ही कुठली गाडी? ही फुकटवाली आहे का?" तो हसला. आणखी एक वळण झाल्यावर हसला नाही.

पुढे फक्त सोनेरी. ताई त्याच्या शेपटीला चिकटल्या.

"काय जिनाबाई, दमलात का?"

"उतरायला कसला दम रे? तू चढतोयस का?"

त्याची गाडी कड्याला घासली. ठिणग्या उडाल्या, पुढचं चाक वाकलं. त्याने तत्काळ दुरुस्तीचं बटण दाबलं असणार, कारण समालोचक आनंदाने ओरडला, "आणि त्याने दुरुस्ती विकत घेतली आहे!" सोनेरीच्या नाकातून मात्र वेगळाच आवाज आला.

"अरे, हे काय! समोर खिडकी उघडली! व्यवहार पूर्ण होत आहे म्हणे! मला रस्ता दिसत नाहीये! हटव रे!"

खच्‌! म्हातारी आतल्या बाजूने पुढे गेली.

मी किंचाळले. भावोजींनी माझा दंड इतका जोरात धरला की अजून दुखतो. समोर मोकळा रस्ता होता. त्या रस्त्यावर म्हातारीच्या पुढे कुणी नव्हतं. शेवटचा उतार, मग पूल, आणि पुलाच्या टोकाला पांढरी रेषा.

"जा!" भावोजी ओरडले. जन्मभर ब्रेक मार म्हणणारा माणूस. "अगं थांबू नकोस! जा! तुझीच आहे ती!"

 म्हातारी पुलावर चढली. पडद्यावर मोठी अक्षरं नाचायला लागली, 'फक्त थोडंच उरलं!'  गटातलं कुणी त्यांना थांबा म्हणालं नाही. कसं म्हणणार?

रेषा आली. मला खरंच वाटलं, त्या जाणार. जावं असंही वाटलं.

खच्‌.

म्हातारी गर्रकन फिरली आणि पुलावर आडवी झाली. मागचं चाक एका कठड्याला, पुढचं चाक दुसऱ्या कठड्याला. तिची कूस आणि रेषा यांच्यात केसभर जागा होती. केसभरच. मी टीव्हीला नाक लावून पाहिलं.

"लेव्हल," ताई म्हणाल्या. मग अगदी हळू, "बस म्हातारे इथंच."

आणि मग आदळआपट! डॉक्टरीणबाई येऊन धडकल्या, "बसला दात!" म्हणाल्या. त्यांच्यावर दुसरी गाडी, तिच्यावर तिसरी. "सॉरी!" "सॉरी कसलं, ये!" पूल भरला, उतार भरला, सगळे हॉर्न वाजायला लागले. ज्यांनी हॉर्न विकत घेतला नव्हता ते तोंडाने वाजवत होते. समालोचक म्हणाला, "काहीतरी तांत्रिक..." आणि पुन्हा तेच म्हणाला.

एवढ्यात सोनेरी आला. दुरुस्त, चकचकीत. सगळ्यांच्या मागे उभा.

"बाजूला व्हा."

"नाही होत."

"माझ्याकडे उड्डाण आहे, जिनाबाई. तुमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून जाईन."

 उड्डाण खरंच होतं, सगळ्यांत महागड्या पेटीतलं. तो एकटा रेषा ओलांडणार, जिंकणार, आणि हे सगळं फुकट जाणार. ताईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. त्यांना आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आम्ही वाट पाहिली. सोन्याची गाडी हलली नाही.

"दाबतोय," सोनेरी म्हणाला. मग, "दाबलं." मग बराच वेळ काही नाही. मग त्याचा आवाज नाकातून निघून थेट बेंबीच्या देठापासून आला.

"अंतिम शर्यतीत उड्डाणासाठी वेगळा पास घ्या! वेगळा पास! अरे, सगळं घेतलं ना मी! संपूर्ण पास घेतला, त्यावर 'संपूर्ण' लिहिलंय! माझ्याच गाडीत बसून मलाच लुटता काय रे?"

कुणी हसलं नाही. खरं सांगते, कुणीही नाही.

"घ्या की," ताई शांतपणे म्हणाल्या. "एक बटण तर आहे."

पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. आमच्या खोलीत भावोजींनी डोळे मिटून घेतले होते. मग खट्‌ असा आवाज आला. सोन्याच्या गाडीचे दिवे गेले. त्याने इंजिन बंद केलं होतं.

"नाही घेत जा," सोनेरी म्हणाला. "जिनाबाई, हॉर्न कसा वाजवायचा तोंडाने?"

त्यानंतर जे झालं त्याला मला नाव देता येत नाही. लोक रडत होते, गात होते. एकजण घरातलं पातेलं आणून बडवत होता. भावोजी ताईंना उचलायला गेले आणि ताई ओरडल्या, "अहो, पाय! तोच पाय आहे!" शर्यतीची वेळ संपली. पडद्यावर विजेत्याचं नाव यायच्या जागी एक रिकामी चौकट आली. मग प्रक्षेपण तुटलं.

टीव्ही बंद करण्याआधी ताईंनी म्हातारीकडे एकदा पाहिलं. काचेवरून हात फिरवला. आणि उठून चहा टाकायला गेल्या. आत त्या बराच वेळ होत्या. आम्ही गेलो नाही.

सकाळी मी ऑफिसला पोचले तर आमच्याच लिफ्टसमोर त्या अवजारांची पेटी उघडून बसल्या होत्या. मला पाहताच हातानेच बोलावलं. पाना खाली ठेवला आणि फोन माझ्यापुढे धरला. 

"तुझ्या भावोजींचा फोन आला. हे बघ काय पाठवलंय."

फोनवर घरच्या टीव्हीचा फोटो होता. पडद्यावर म्हातारी, आपल्या जागी, जशीच्या तशी. वर लिहिलं होतं, 'हंगाम समाप्त होत आहे. विजेत्याची प्रतीक्षा.' बाजूला ते फिरणारं चक्र.

मला कळायला वेळ लागला. हंगाम संपायला विजेता लागतो. विजेता नव्हता. रेषा कुणी ओलांडणारच नाही, हे त्या कंपनीत कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. हंगाम संपत नव्हता, म्हणून गाड्या जमा होत नव्हत्या. एकही नाही.

"तुम्हाला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"छे गं! माहीत असतं तर रात्री झोपले नसते का?"

विजेता मिळावा म्हणून कंपनीने पुढच्या रविवारी पुन्हा शर्यत ठेवली. या वेळी पुलावर म्हातारीच्या शेजारी टेकायला सोनेरी सगळ्यांच्या आधी आला. दरम्यान त्याने ब्रेक जिंकले होते. जिंकले, विकत घेतले नव्हते. रेषा तेव्हाही कुणी ओलांडली नाही. त्यानंतर कंपनीचं गोड पत्रक आलं. आमच्या खेळाडूंच्या कुटुंबाच्या भावना लक्षात घेऊन जुन्या गाड्या त्यांच्या मालकांकडेच राहतील, वगैरे.

"कुटुंब म्हणे," ताई म्हणाल्या. "आरसा परत द्या म्हणावं आधी, कुटुंबवाले."

आरसा अजून मिळालेला नाही. रविवारी पुन्हा शर्यत आहे. मीही नाव घातलंय. मला ती फुकटातली व्हॅन मिळाली आहे, आणि ताईंनी बजावलंय की इंजिनाकडे बघायचंसुद्धा नाही.